मोरितांचं पत्र

हे अजून एकाही माणसाच्या कानावर गेलेलं नाही. माझ्या नवऱ्याला माझ्या चष्म्याचा नंबर पाठ आहे, फोडणीत हिंग विसरले तर तो बाहेरच्या खोलीतून सांगतो — पण हे त्यालाही ठाऊक नाही. मग तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही ओळखीचे नाही, म्हणून असेल. आणि कपाटात साड्यांच्या खाली ठेवलेलं ते पत्र परवा पुन्हा हाताला लागलं, म्हणूनही.

विद्यानगरच्या एका कॉलेजात मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. शिकवलं म्हणजे काय — लाल शाईने दुसऱ्यांच्या चुका दाखवल्या. निवृत्त झाल्यावर उणकलला फ्लॅट घेतला, बाल्कनीतून तळं बघत बसायचं ठरवलं, आणि पंधरा दिवसांत तळ्याचाही कंटाळा आला. तेवढ्यात कळलं, धारवाडला माळमड्डीत एका इंग्रज प्रोफेसरांना वाचून दाखवायला आणि टाईप करायला माणूस हवंय. धारवाडला जाणारी चिगरी बस पकडली आणि गेले.

थॉमस त्यांचं नाव. वय ब्याऐंशी. बायको गाणं शिकायला धारवाडला आली, तिच्याबरोबर हेही आले. ती गेली, हे राहिले. शांताक्कांच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने. गल्लीत त्यांना सगळे थॉमसअण्णा म्हणत. दोन चमचे कन्नड, एक चमचा मराठी, आणि लिंबाचं लोणचं कितीही. पण हा माणूस खरा राहत होता तो जपानात. विशीत ती भाषा शिकले आणि उभा जन्म तिच्या पायाशी बसले. खोलीची एक भिंत जपानी पुस्तकांची. बाल्कनीला बांबूच्या काड्यांचा पडदा, तिकडूनच आणलेला — एका बाजूला निळ्या कापडाची किनार, दुसऱ्या बाजूला नुसत्या सुताच्या गाठी.

आता त्यांना ती पुस्तकं दिसत नव्हती. डोळ्यांत मधोमध काळा डाग, कडेकडेने थोडा उजेड.

तीस वर्षं ते एका रोजनिशीचं भाषांतर करत होते. तीनशे वर्षांपूर्वीची कुणी एक बाई, रुसून दूर गेलेल्या बहिणीला भेटायला एकटी डोंगर चढत जाते. शेवटच्या पानावर बहिणीचं घर येतं. दाराचा पडदा उलटा टांगलेला दिसतो. ती परत फिरते. संपलं. पुढे एक अक्षर नाही. का परतली? थॉमसअण्णांनी या 'का'वर साठ पानांची प्रस्तावना लिहिली होती. त्यांचं म्हणणं असं, की घराने तोंड फिरवलेलं पाहून तिला उमगलं — प्रेम करायला भेटावंच लागतं असं नाही. ती पानं टाईप करताना मी दोनदा रडले. सुंदरच होती ती. अजूनही आहेत.

आणि मोरिता. हे त्यांचे तिकडचे मित्र, डोंगरातल्या एका लहान गावातले निवृत्त मास्तर. चाळीस वर्षांचा पत्रव्यवहार. मोरितांना समोर बसून मोठ्याने बोललं तरच ऐकू यायचं, त्यामुळे फोनचा उपयोग नाही. यांना दिसत नव्हतं. उरली पत्रं. पूर्वी ती जपानीत यायची. मी आल्यापासून मोरिता इंग्रजीत लिहू लागले, मोठ्या सुट्या अक्षरांत — मला वाचता यावं म्हणून. हे लक्षात ठेवा. माझ्या तर ते चांगलंच लक्षात आहे.

अजून एक सांगायला हवं, नाहीतर तुम्ही मला फुकट माफ कराल. थॉमसअण्णांना स्वतःची चूक सापडली की आनंद व्हायचा. एकदा मोरितांनी कळवलं, की अमुक फूल त्या महिन्यात त्या डोंगरात फुलतच नाही. अण्णांनी टाळी वाजवली — खरंच वाजवली — आणि मला चाळीस पानं पुन्हा टाईप करायला लावली. तीस वर्षं चुकांवर लाल रेघा ओढणारी मी, पण चूक सापडली म्हणून हसणारा माणूस तोवर पाहिला नव्हता. मला त्याचं कौतुक वाटलं. आणि — खरं सांगायचं तर — चाळीस पानांचा रागही आला.

सांगते, सांगते. इथवर आले, आता काय उरलंय?

छपाईला पुस्तक गेलं होतं. शेवटची प्रुफं माझ्याकडे. पहिल्याच पानावर त्यांच्या नावाखाली माझं नाव होतं, 'सहकार्य' म्हणून. माझं नाव तोवर फक्त लग्नाच्या पत्रिकेत आणि पगाराच्या बिलावर छापलेलं. मी त्या पानाचा फोटो काढून मुलीला पाठवला होता. अळणावरच्या मावशीला फोन करून सांगितलं होतं. तिने शेजारपाजारी पेढे वाटले. मनातले मांडे म्हणाल तर माझे भाजून, तूप लावून तयार होते.

त्या आठवड्यात मोरितांचं पत्र आलं. टपाल मीच उघडायची. बाल्कनीत उभी राहून वाचलं. अण्णा आत झोपले होते, दुपारचे.

मोरितांनी लिहिलं होतं, की वरच्या गावातल्या एका फार म्हाताऱ्या बाईकडे ते सहज गेले होते. बोलता बोलता तिने सांगितलं — पूर्वी घरात माणूस गेलं, की दाराचा पडदा उलटा टांगत. येणाऱ्याने ओळखावं. म्हणजे बहीण मेली होती. घराने तोंडबिंड फिरवलं नव्हतं. त्या काळच्या वाचणाऱ्याला हे सांगावं लागत नव्हतं, म्हणून रोजनिशीवालीने लिहिलं नाही. आपण दोघेही तीस वर्षं चुकलो, मोरितांनी लिहिलं होतं, पण छापण्याआधी सापडलं, केवढं नशीब.

मला समजायला वेळ लागला नाही. मी दहा वर्षांची असताना आईबरोबर अळणावरला मामाच्या लग्नाची अक्षत द्यायला गेले होते. एका घरासमोर मडक्यात शेणीचा विस्तव धुमसत होता. आईने अक्षतीची वाटी पदराखाली घेतली आणि आम्ही उंबऱ्याशी न जाता परतलो. आईने मला काही समजावलं नाही. समजावायचं काय त्यात? — थॉमसअण्णांना ही एवढी गोष्ट सांगितली असती, तर त्यांनी टाळी वाजवली असती. पुस्तक परत मागवलं असतं. साठ पानं फाडली असती. एव्हाना ते चौऱ्याऐंशीचे झाले होते. पुन्हा लिहून व्हायच्या आत उरलासुरला उजेड नाहीतर श्वास, काहीतरी संपलं असतं, आणि माझं नाव कधीच छापलं गेलं नसतं.

मी घडी घालून पत्र पर्समध्ये टाकलं.

आमच्याकडे अशुभाचं पत्र घरात ठेवत नाहीत, वाचलं की फाडतात. संध्याकाळी बसमध्ये मी स्वतःला तेच सांगत होते, की म्हाताऱ्या माणसाला अशुभ कशाला ऐकवायचं. खोटं. म्हाताऱ्याचं मन राखायला मी ते लपवलं नाही. त्यांचं मन किती मजबूत होतं ते मला पक्कं माहीत होतं. मी माझं नाव राखलं.

यापुढचं जास्त वाईट आहे.

ते रोज विचारू लागले, मोरिताचं काही? मी रोज नाही म्हणायची. चाळीस वर्षांत मोरिता इतके गप्प कधी राहिले नव्हते. महिनाभराने अण्णांनी मला एक पत्र सांगितलं. माझ्याकडून काही दुखावलं असेल तर क्षमा कर, म्हातारपणी माणूस आपल्याच आवाजात गुंग होतो, असं काहीसं. मी शब्दन् शब्द उतरवून घेतला. त्यांच्यासमोर पाकीट चिकटवलं, पत्ता मोठ्याने वाचून दाखवला. आणि टाकलं नाही. कसं टाकणार? मोरितांनी उलट लिहिलं असतं, मी तर केव्हाच कळवलंय. एका खोट्याच्या पाठीवर दुसरं बसतं, ते असं.

पुस्तक आलं. अण्णांनी त्याचा वास घेतला. मग म्हणाले, तुझं नाव कुठे आहे ते दाखव. मी त्यांचं बोट धरून माझ्या नावावर ठेवलं. त्यांना काही दिसत नव्हतं. बराच वेळ त्यांनी बोट तिथेच ठेवलं.

डिसेंबरात करड्या किनारीचं एक कार्ड आलं, मोरितांच्या मुलीचं. वडील शरदात गेले. शेवटपर्यंत विचारत होते, धारवाडहून उत्तर आलं का.

मी अण्णांना पहिलं वाक्य वाचून दाखवलं. दुसरं वाचलं नाही.

अण्णा खुर्चीत सरळ बसले. मग त्यांनी विचारलं, "मधल्या काळात त्याचं काही आलं होतं का?"

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. म्हणजे तो आजारी होता, ते म्हणाले, रागावला नव्हता. आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी हलकं झालं. त्यांनी माझे आभार मानले. कशाचे ते मी विचारलं नाही.

दोन महिन्यांनी तेही गेले, झोपेतच. पुस्तक आहे. कुठे कुठे लोक ती साठ पानं वाचतात, मला लिहून कळवतात, की वाचून रडू आलं. मी आभाराचं उत्तर पाठवते.

इंग्लंडहून त्यांची मुलगी आली, सगळं झालं, माणसं खाली उतरली. मी वरच्या खोलीत एकटी होते. स्टुलावर चढले आणि बाल्कनीचा पडदा काढून उलटा टांगला — निळी किनार आत, गाठी बाहेर. धारवाडात ती खूण वाचू शकेल असं माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

चहा घेऊन शांताक्का वर आल्या. त्यांनी कप ठेवला आणि वर बघितलं.

"बाई, थॉमसअण्णांचा पडदा उलटा लागलाय की. कुणी लावला हो हा?"

त्या स्टुलावर चढल्या आणि टांगायच्या दोऱ्या सोडू लागल्या. दुसऱ्या टोकाची दोरी मी धरली, आणि आम्ही दोघींनी मिळून तो सुलटा केला.