पाकिटावरच्या ललितामावशी

आमच्या गिरगावातल्या इमारतीत राहणाऱ्या ललितामावशींनी एकतीस वर्षं बँकेत नोकरी करून जेवढं नाव कमावलं नाही, तेवढं आवळ्याच्या पावडरीने कमावलं. डिसेंबर लागला की दादरहून गोणभर आवळे आणायचे, वाफवून पाकळ्या सुट्या करायच्या आणि गच्चीवर जुन्या साड्यांवर आठ-आठ दिवस कडक उन्हात वाळवायच्या. कावळे हाकलायला मी. डबा हातात देताना त्या बजावायच्या, "यात आवळ्याशिवाय काही नाही हो. आता सर्दी झाली तर मला येऊन सांग." सर्दी व्हायचीच. सांगायला कोणी जायचं नाही.

मग त्यांच्या मुलाच्या, राजसच्या डोक्यात धंद्याचं खूळ शिरलं. लोअर परळच्या ऑफिसात तो दुसऱ्यांच्या साबणांच्या जाहिराती करायचा. आता घरचंच विकू म्हणाला. पाकिटावर व्हिटॅमिन सीचा आकडा हवा, म्हणून पावडर तपासायला दिली. आकडा इतका कमी आला की मावशी चष्मा पुसून पुन्हा वाचत बसल्या. तपासणाऱ्या बाईंनी फोनवर समजावलं, एवढे दिवस उन्हात ठेवल्यावर सी टिकत नाही. सावलीत, पातळ काप करून, लवकर वाळवा.

इतकी वर्षं आपण लोकांना नुसता आंबट भुसा चारला, हे मावशींना फार लागलं. दोन दिवस धड जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी पदर खोचून घरभर चाळण्या मांडल्या, पंखे लावले.

"या हिवाळ्यात शिकून घेते रे, पुढच्या वर्षी विकू."

"पुढच्या वर्षी? आई, लाँच महिन्यावर आलंय!"

राजसने बाजारातून तयार पावडर उचलली, तीत कारखान्यातलं व्हिटॅमिन सी मिसळून आकडा जमवला आणि पाकिटावर छापलं : आजीच्या हातची, शंभर टक्के आवळा. वर मावशींचा फोटो, नऊवारीत, नथ घालून. जन्मात कधी नऊवारी न नेसलेली बाई! मिसळलं ते विष नव्हतं, मान्य. पण छापलं ते धडधडीत खोटं होतं.

"माझा फोटो तरी काढून टाक," मावशी म्हणाल्या.

"तुझ्या चेहऱ्यावरच तर माल खपतोय," तो मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला. मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

परवा आम्ही दोघी दादरला भाजी घेत होतो. एक तरुण बाई थांबली. "अय्या, तुम्ही पाकिटावरच्या आजी ना? माझ्या सासऱ्यांना मुतखडा आहे, डॉक्टरांनी सीच्या गोळ्या बंद केल्यात. तुमचं नुसतं फळ, म्हणून रोज दोन चमचे देते. चालेल ना?"

मावशींनी हातातली मेथीची जुडी उलटसुलट केली. आता बोलतील, असं मला वाटलं.

"थोडी कमी द्या," त्या म्हणाल्या.

बाई खूश होऊन, वाकून नमस्कार करून गेली. मी तिला हाक मारली नाही. माझी लेक वैदेही राजसकडेच नोकरीला आहे.