जर्मन रंधा नेऱ्याच्या गोठ्यात

समस्त नेरे ग्रामस्थांस आणि पंचक्रोशीतील जनतेस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, मी विमान विकत घेतलेले नाही.

हे जाहीर करायची वेळ माझ्यावर माझ्याच आवाजाने आणली. जर्मनीतला एक सुतार उतारवयात कारखाना आवरत होता. लाकडावर रंधा मारणारं त्याचं जुनं मशीन मी मोबाईलवर पाहिलं आणि खुळावलो. सौदा झाला, मशीन बोटीवर चढलं, आणि न्हावाशेवा बंदरातला कस्टमचा एजंट मला रोज फोन करू लागला. मी चहाच्या टपरीवर उभा राहून ओरडायचो, “अहो, प्लेनर! जुना आहे! कंपनी नाही हो, स्वतःसाठी मागवलाय!”

एकटा माणूस हौसेने एवढं धूड परदेशातून आणतो, हे एजंटाला शेवटपर्यंत पटलं नाही. टपरीला मात्र लगेच पटलं. ‘प्लेनर’मधला ‘र’ तिथेच चहात विरघळला आणि घरी पोचेपर्यंत माझं प्लेन झालं होतं.

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, ओट्यावर वाटच पाहत होता. “धाकल्या, इमान उतरवनार कुटं?”

“विमान नाही, रंधा आहे. गोठ्यात ठेवणार.”

“गोठा मी पाडतुया. खोल्या काढायच्यात.”

हिंजवडीतल्या पोरांना भाड्याने द्यायला आमच्याकडे घरोघरी खोल्या निघाल्यात, दादालाही त्या हव्या होत्या. गुरं कधीच विकलेली. मला मात्र त्याच रिकाम्या गोठ्यात माझा सुतारखाना दिसत होता. हो-नाही करता करता दादाने निकाल दिला, “मशिनीच्या पूजेच्या दिवशी ते चाललं तर गोठा तुझा. न्हाई चाललं तर भंगारवाला आन् जेसीबी एकदमच बोलवतो.”

अखेर मशीन आलं. शेजारच्या बांधकामावरची हायड्रा क्रेन मिनतवारीने आणून ते उतरवलं. निम्मं गाव जमलं होतं. वहिनी चारी बाजूंनी फिरून आल्या आणि हळूच म्हणाल्या, “भावजी, ह्याला पंख न्हाईत वं.”

तीन फेजची लाईन जोडली. वहिनींनी हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला, मी नारळ फोडला. मग हार उतरवून, सदऱ्याच्या बाह्या सारून, पडदा उघडावा तशा थाटात मी बटण दाबलं. मशीन घुमलं. टाळ्या पडल्या. मी सागाची खडबडीत फळी आत सारली.

मशीनने ती परत ढकलली.

पुन्हा सारली, पुन्हा ढकलली. दादाला तर आनंदाच्या उकळ्या फुटल्या. “पावनं माघारी निघाल्यात! लावा रं फोन जेसीबीवाल्याला!”

बंद करायला हात बटणाकडे गेला आणि त्याच क्षणी मला आमच्या विहिरीवरचा पंप आठवला. नव्या जोडणीनंतर तोही असाच जोरात घुमायचा, पण पाइपातून पाणी धड यायचं नाही. मोटर उलटी फिरत असायची! जर्मनीतून आलं म्हणून काय झालं, मोटर ती मोटरच. मी मेन स्विच पाडला, टेस्टर लावून खात्री केली, मोटर सुलटी फिरावी म्हणून तीनपैकी दोन वायरींची अदलाबदल केली आणि सगळ्यांकडे वळून, कमरेत वाकून मुजरा केला.

“नाटक पुरं, चालू कर,” दादा खेकसला.

बटण दाबलं. या खेपेला मशीनने फळी अलगद ओढून घेतली. भुशाचा फवारा थेट पुढच्या रांगेवर उडाला, आणि पलीकडून फळी निघाली ती लोण्यासारखी, आतल्या सोनेरी रेषा उघड्या करत. कुणी शिट्टी मारली, कुणी हलगी आणा म्हणालं. मी फळी दोन्ही हातांवर घेऊन दादापुढे धरली.

त्याने तिच्यावरून तळवा फिरवला. उलटा फिरवला. मग गाल टेकवला, आणि सगळ्या गावादेखत त्याच्या तोंडून निघून गेलं, “आयला, खोल्या गेल्या खड्ड्यात! आदी माझा पलंग कर!”