ओव्हरड्राइव्हचा आवाज

लाटण्याचं एक टोक जीपच्या गिअरबॉक्सवर, दुसरं कानाला. डोळे मिटलेले. "गप्प बसा, ती बोलतेय."

काकांना भेटलेल्या प्रत्येकाने हे ऐकलंय. सातपूरच्या कारखान्यातून रिटायर झालेला, खवचट माणूस. पेठकडच्या पाड्यांवरून अडलेली बाई नाशिकला आणायची, तर त्यांचीच जुनाट जीप. ॲम्ब्युलन्स? ती भाषणात असते.

मी ॲम्ब्युलन्ससाठी पत्रकं वाटायचे. काका ती बोटांनी चाचपायचे. "काय पत्रकबाई, कागद जाड घेतलाय. यावर झोपवू का पेशंटला?" असा राग यायचा! पण जीपमध्ये मागे बसून पेशंटचा हात मीच धरायचे.

घाट संपून सपाटी लागली की काका ओव्हरड्राइव्ह टाकायचे. गिअरबॉक्सच्या मागे बसवलेली ही जादा गिअरची पेटी. ती लागली की इंजिनचा आरडाओरडा थांबायचा आणि म्हातारी जीप पळायची.

गेल्या उन्हाळ्यात ती पेटीच कण्हायला लागली. काकांनी तेल पाहिलं, कमी होतं, भरलं. दांडा आवळला. आम्हाला बसवून एक चक्कर मारली आणि खूश. "बंद झाला बघ आवाज!"

बंद कुठला? कान किटत होते. बाकीचे आपले माना डोलावत बसलेले. मी म्हटलं, "काका, आवाज तसाच आहे. तुम्हाला ऐकू येत नाहीये."

त्यांनी जीप पुन्हा रस्त्यावर घेतली. मग म्हणाले, "कधी येतो ते सांग. खोटं बोललीस तर इथंच उतरवीन."

ओव्हरड्राइव्ह टाकला. "आला." काढला. "गेला." पुन्हा टाकला.

"आला, काका."

"म्हणजे त्याचंच बेअरिंग." काकांचा आवाज एकदम खाली आलेला. "फुटलं असतं गं रस्त्यात. बाई गाडीत असताना."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पेटी उतरवली. ती नसली की जीप जागची हलत नाही. चाकांना ताकद तिच्यातूनच जाते. बेअरिंग पार झिजलं होतं. मालेगावच्या एका भंगारवाल्याने शोधून देतो म्हणून सांगितलं. त्याचा निरोप यायच्या आधी काका झोपेतच गेले.

शोकसभेला झाडून सगळे पुढारी. "निःस्वार्थ सेवा," एकजण माइकवर म्हणाला. अरे, सेवा कसली? ते तुमचं काम होतं! गाड्या तुमच्या, डिझेल तुमचं, ड्रायव्हर तुमचे. हे तोंडावर बोलायला मी उठले, तेवढ्यात माझा फोन वाजला. पाड्यावरचा माणूस होता, धापा टाकत.

"ताई, काका फोन उचलत नाय. बाईला झोळीतून डांबरीपर्यंत आणलीय. जीप निघाली ना?"