अंघोळीच्या पाण्यानं भाजलेला माणूस

"हेल्मेट काढ," मॅनेजरसाहेब म्हणाले. "आणि तो झाडू घे हातात."

मी हेल्मेट काढलं. झाडू घेतला.

सातपूरला सॉस बनवणाऱ्या एका कंपनीत मी कामाला होतो. टोमॅटो शिजवायला वाफ लागते. वाफेला बॉयलर लागतो. आणि बॉयलर चालवायला सर्टिफिकेटवाला माणूस लागतो, असा सरकारी नियम. आमच्याकडे सगळं होतं. फक्त सर्टिफिकेट एकाकडे आणि बॉयलर दुसऱ्याकडे. सर्टिफिकेट मॅनेजरसाहेबांच्या भाच्याचं, निनादचं. ते फ्रेम करून बॉयलरच्या खोलीत टांगलेलं. निनाद स्वतः वरच्या मजल्यावर, एसीत, खरेदीचं काम बघायचा. खाली आगीसमोर मी. कागदोपत्री हेल्पर. कैक वर्षं हे असंच चाललेलं. आणि खरं सांगतो, त्यात काही वावगं आहे असं मला वाटायचंही नाही. आसपासच्या दोन-चार कंपन्यांतही तीच तऱ्हा होती. नाव एकाचं, घाम दुसऱ्याचा.

त्या दिवशी सरकारी तपासणी होती. तपासणीवाले साहेब आले तेव्हा माझं हेल्मेट निनादच्या डोक्यावर होतं. त्याला ते सैल होत होतं, सारखं भुवयांवर उतरायचं. माझं डोकं मोठं आहे. आत काय आहे, तो प्रश्न वेगळा. साहेबांनी इंग्रजीत विचारलं, निनादनं इंग्रजीत सांगितलं. सगळं बरोबर सांगितलं असणार, कारण साहेबांची मान होकारार्थी हलत होती. हुशार पोरगा. खोटं कशाला बोलू?

मी कोपऱ्यात, जिथं राख नव्हती तिथली राख झाडत होतो.

साहेब वळले. "हे कोण?"

"हा होय? साफसफाईवाला," मॅनेजरसाहेब म्हणाले. मग हसून, "यांच्यात हे काम पिढीजात असतं ना. फार छान झाडतो."

साहेबांनी "बरं" म्हटलं. निनादनं मान खाली घातली. मी झाडत राहिलो.

माझे वडील सिन्नरकडचं गाव सोडून नाशकात आले ते ह्याच कामातून सुटायला. मार्केटात पोती वाहिली, पण झाडू धरला नाही. आणि त्यांचा मुलगा, दहावी पास, केस पिकलेला, हेल्मेट उतरवून झाडू धरून उभा. तोही म्हणे छान झाडणारा.

घरी गेल्यावर मी ह्याचा किस्सा केला. माझी ती सवयच. अपमान झाला की मी त्याचा किस्सा करतो, म्हणजे तो दुसऱ्याचा वाटतो. निनादचं हेल्मेट कसं डुलत होतं ते डोक्यावर पातेलं पालथं घालून दाखवलं. लेक खळखळून हसली. सुनंदा, माझी बायको, हसली नाही.

"ते पातेलं खाली ठेवा," ती म्हणाली. "आणि मला सांगा, ते सर्टिफिकेट तुम्हाला का मिळू नये?"

मी पातेलं खाली ठेवलं. आणि परीक्षेला बसलो.

द्वितीय श्रेणी बॉयलर अटेंडंट. आधी लेखी, मग तोंडी. निनादनं त्याचं पुस्तक दिलं, आपण होऊन दिलं. सगळं इंग्रजीत. लेक डिप्लोमाला आहे, ती वाचून मराठीत सांगायची. सुनंदा भाकरी थापता थापता ऐकायची. मी ऐकता ऐकता पेंगायचो. परिणाम असा की पहिल्या वर्षी मी लेखीत नापास झालो आणि सुनंदा तयार झाली. कुकरची शिट्टी झाली की म्हणायची, "उडाला बघा तुमचा सेफ्टी व्हॉल्व्ह." दुसऱ्या खेपेलाही लेखी गेली. माझ्या हाताला सगळं ठाऊक होतं. कोणता पाइप कोणत्या आवाजात कुरकुरतो, तेसुद्धा. पण पेपरात आवाज विचारत नाहीत.

मॅनेजरसाहेबांनी निकाल विचारला तेव्हा आजूबाजूला सगळा स्टाफ होता.

"परत नापास? अरे, तुम्हाला तर पस्तीस टक्क्यांवरसुद्धा घेतात ना?"

सगळे हसले. ह्या परीक्षेत कुणालाच कसली सवलत नसते. हे मला माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं. मीही हसलो. हे सगळ्यात वाईट. मीही हसलो.

तिसऱ्या खेपेला लेखी निघाली. तोंडी परीक्षेला पहाटेच्या एसटीनं गेलो, इस्त्रीचा शर्ट पिशवीत ठेवून, तिथं पोचल्यावर बदलला. टेबलाच्या पलीकडे दोन साहेब. एकांनी नाव विचारलं. आडनाव सांगितल्यावर म्हणाले, "अच्छा." हे "अच्छा" मी शाळेपासून ओळखतो. त्यात शिवी नसते. काहीच नसतं. फक्त खुर्ची थोडी मागं सरकते.

मग प्रश्न आला. "काचेत पाणी दिसत नाहीये. काय कराल?"

बॉयलरला काचेची नळी असते. आत पाणी किती आहे ते तिच्यात दिसतं. पाणी दिसेनासं झालं तर आधी आग बंद करायची. गार पाणी आत सोडायचं नाही. तापल्या पत्र्यावर ते पडलं तर बॉयलर फुटू शकतो. हे मला झोपेत विचारलं तरी सांगेन. असा प्रसंग एकदा आला होता, तेव्हा हातांनी आपसूक केलंही होतं.

मी सरळ बसलो आणि म्हणालो, "साहेबांना कळवीन."

दोघं एकमेकांकडे बघू लागले.

"आणि साहेब जागेवर नसले तर?"

"वाट बघीन, साहेब."

धाकटे साहेब हसत सुटले. "अहो, तोपर्यंत बॉयलर जाईल की छपरावर!" थोरले हसले नाहीत. ते म्हणाले, "सगळं साहेबच ठरवणार असतील तर सर्टिफिकेट साहेबांनाच देऊ की. तुम्हाला कशाला?"

परतीच्या एसटीत मी तेच एक उत्तर चघळत बसलो. जे येत होतं ते सोडून हे कुठून आलं तोंडात? जन्मभर एकच शिकलो होतो. साहेबांसमोर स्वतःचं काही ठरवायचं नाही. हातानं केलं तरी तोंडानं कबूल करायचं नाही. हात बॉयलरकडे शिकले. जीभ मॅनेजरच्या केबिनमध्ये शिकली.

घरी सांगितलं. मला वाटलं, हसतील. लेक म्हणाली, "पप्पा, आपलं घर पेटलं तर तुम्ही कुणाला विचाराल?"

 

पुढच्या खेपेला ते उत्तर मी पाठ केलं. देवळात म्हणतात तसं येता-जाता म्हणत राहिलो, आधी आग बंद, आधी आग बंद. तोंडी परीक्षेत त्यांनी ते विचारलंच नाही. भलतंच विचारलं, आणि माझी जीभ टाळ्याला चिकटली. साहेब सौम्यपणे म्हणाले, "काका, वय झालं आता. झेपेल तेच करावं माणसानं." आवाजात माया होती. शिवी दिली असती तर परवडलं असतं.

सोडून द्यावं असं वाटलं. सोडूनच दिलं होतं खरं तर. पुस्तक निनादला परत केलं.  सुनंदाची शिट्टीवरची चेष्टाही बंद झाली. कुकर नुसता वाजायचा.

आणि मग हात भाजला.

त्या काचेच्या नळीचं पॅकिंग, वाफ अडवणारं रबरी कडं, खराब झालं होतं. मी सांगून ठेवलं होतं. सांगणं तेवढं मला चांगलं जमतं. बदललं नव्हतं. एका सकाळी ते उडालं. वाफ थेट उजव्या हातावर, मनगटापासून कोपराच्या वरपर्यंत. आधी दुखत नाही. आधी नुसतं पांढरं दिसतं. डाव्या हातानं मी नळीच्या तोट्या बंद केल्या, आग बंद केली, आणि मग खाली बसलो.

मॅनेजरसाहेबांनी स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. मला भरून आलं होतं, साहेबांच्या गाडीत मी पहिल्यांदाच बसत होतो. सीटला हात लागू नये म्हणून तो वर धरला होता.

"हे बघ," साहेब गाडी चालवता चालवता म्हणाले, "तू तिथं नव्हतास. कळतंय ना? कागदावर बॉयलर निनाद चालवतो. उगाच पोराचं सर्टिफिकेट जाईल. डॉक्टरांना सांगायचं, घरी अंघोळीचं पाणी सांडलं. खर्च सगळा कंपनीचा."

"हो साहेब," मी म्हणालो.

बघा. हात सोलून निघालेला, आणि तोंडातून काय निघालं? हो साहेब.

सुनंदा दवाखान्यात धावत आली. साहेबांनी तिला अंघोळीच्या पाण्याचं सांगितलं. तिनं हाताकडे बघितलं. माझ्या अंगावरच्या कंपनीच्या कपड्यांकडे बघितलं.

"कपडे घालून अंघोळ करतात का हे?" ती म्हणाली. "आणि सकाळी माझ्यासमोर डबा घेऊन निघाले, ते काय बाथरूममध्ये गेले?"

"वहिनी, तुम्ही जरा बाहेर बसा," साहेब म्हणाले.

ती बाहेर गेली नाही.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. लिहिता लिहिता विचारलं, "कसं भाजलं?"

"घरी. अंघोळीचं पाणी," साहेबांनी सांगितलं.

बाई थांबल्या. "त्यांना बोलू द्या. काका, कसं भाजलं?"

मला तोंडी परीक्षेची खोलीच आठवली. टेबल, पलीकडे शिकलेलं माणूस, शेजारी साहेब, आणि माझी टाळ्याला चिकटलेली जीभ. एक गोष्ट मात्र तेव्हाच, त्या स्टुलावर बसल्या बसल्या कळली. कागदावर मी तिथं नव्हतोच, तर आज मेलो असतो तरी तिथं मेलो नसतो. बॉयलर फुटून मेलेला एक झाडूवाला, जो त्या खोलीत कशाला गेला कुणालाच माहीत नाही. सुनंदाला कुणी दारात उभं केलं नसतं. इतकी वर्षं आगीसमोर काढली, आणि माझ्या मरणालासुद्धा पत्ता नव्हता.

"कंपनीत," मी म्हणालो. "बॉयलरच्या वाफेनं. बॉयलर मी चालवतो."

"अरे, काय बोलतोस?" साहेब उठले.

"लिहा, बाई," मी म्हणालो. "मी चालवतो. रोज."

 शब्द बाहेर आले. बाईंनी लिहिलं.

कंपनीनं मला काढलं. कारण असं दिलं की सर्टिफिकेट नसताना बॉयलरला हात लावला. चूक नव्हतं, नियमात तसंच आहे. माझ्याच कामात मी घुसखोर ठरलो. निनादला काय झालं, विचारू नका. काही झालं नाही. भरपाईसाठी चकरा मारतोय. प्रत्येक टेबलावर मला विचारतात, "पण तुम्ही तिथं कामासाठी होतात ह्याचा पुरावा काय?" मी डॉक्टरीणबाईंचा कागद दाखवतो, हात दाखवतो. ते म्हणतात, कागदावर तुमचंच म्हणणं आहे, आणि हात पुरावा होत नाही.

आता एका वर्कशॉपमध्ये लोखंड कापतो. पगार कमी. उजवी मूठ नीट मिटत नाही, त्यामुळे कामही कमी. लेकीच्या फीचं कसं होणार, ठाऊक नाही.

मध्यंतरी दिंडोरीकडच्या एका डेअरीवाल्यानं बोलावलं. भला माणूस. "मामा, या आमच्याकडे. पगार चांगला देतो. सर्टिफिकेटचं टेन्शन घेऊ नका, एकाचं टांगलेलं आहे."

"मग त्यालाच बोलवा," मी म्हणालो.

त्याला वाटलं, मी जास्त पैसे मागतोय. त्यानं आकडा वाढवला. मी उठून आलो.  आपण काय करून बसलो, ते त्या वाढवलेल्या आकड्यावरून कळत होतं.

सुनंदाला सांगितलं.  ती म्हणाली, "परीक्षा कधी आहे?"

परीक्षा जवळ आली आहे. मी बसणार आहे. पास होईन असं मला वाटत नाही. साहेब आडनाव विचारतील, "अच्छा" म्हणतील, माझी जीभ पुन्हा चिकटेल. चिकटू दे. चिकटेल तेवढी चिकटू दे, मी तिथंच बसून राहीन, ती सुटेपर्यंत. त्यांनी उठवलं तर पुढच्या वेळी येईन. म्हातारा झालो तर म्हातारा होऊन येईन. नापासांत नाव लागलं तरी ते माझं लागेल.

तोवर कुणाच्या नावाखाली मी आग पेटवणार नाही. घरात चूल पेटली नाही तरी.