आक्का पाटावर बसली नाही

देवाची भांडी घासायला काढली होती. ताम्हण झालं होतं, समई अर्धी झाली होती आणि दोन्ही हात चिंचेच्या कोळानं भरलेले, एवढ्यात रामलिंगचा फोन आला. कोपरानंच उचलला.

"मामी, आईच्या अंगात आलंय. काल आरतीला. समदं गाव पाया पडून राहिलं."

रामलिंग म्हणजे माझ्या नणंदेचा मुलगा. नणंदेचं नाव गुणाबाई, आम्ही आक्का म्हणतो. कंधार तालुक्यातल्या एका गावात राहते. नवरा गेल्यापासून शेत तीच करते. करून घेते असं नाही, करते. पेरताना ओळ वाकडी गेली तर ट्रॅक्टरवाल्याला परत फिरवते. नवरात्रात अनवाणी राहते, नऊ दिवस उपास धरते आणि त्या उपासातही सोयाबीन काढणाऱ्या बायकांच्या पुढं असते. तिला बसलेली मी फक्त जेवताना पाहिली आहे, तेव्हाही एक गुडघा उभाच.

"दे इकडं," मागून तिचाच आवाज आला. "पुनम, ह्यांचं ऐकू नको. मह्या अंगात कुणी आलं न्हाई. मी फिरून राहिले. बाजंवर पडलेली हाय, तरी फिरून राहिले."

झालं होतं ते असं. आदल्या आठवड्यात तिला सर्दी-ताप येऊन गेला होता. सकाळपासून डोकं जड होतं, पण नवरात्रातली आरती चुकवणारी ती नव्हे. आरतीच्या शेवटी आपण सगळेच डोळे मिटून जागच्या जागी स्वतःभोवती गिरकी घेतो, तशी तिनंही घेतली. बाकीच्या बायका थांबल्या. आक्का थांबली, पण थांबल्याचं तिला कळेना. अजून आपण उजवीकडं गरगर फिरतोय असं तिला वाटत होतं. सावरायला तिनं हात पसरले, डोलली आणि डाव्या अंगावर पडली. ओकारी दाबताना तोंडातून हुंकार निघाला.

तेवढं पुरलं. "आली! आली!" असा गलका झाला. तुळजाबाई म्हणून एक म्हातारी देवळात झाडलोट करते, तिनं आक्काच्या कपाळभर कुंकू फासलं. पडलेल्या बाईला पाणी द्यावं हे कुणाला सुचलं नाही, पण कौल विचारायला रांग लागली. एकीनं विचारलं, पोरीचं कधी जमंल? आक्का म्हणाली, "मला आधी धर गं बाई." तिनं पाय धरले.

मी देवीची पूजा केल्याशिवाय तोंडात पाणी घेत नाही. देवी अंगात येते, हे मी मानते. माहेरी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण जी बाई स्वतः सांगते की आली नाही, तिचं ऐकायचं की नाही?

समई तशीच ठेवली. ह्यांना शाळेतून बोलावून घेतलं आणि संध्याकाळपर्यंत आक्काला नांदेडला आणलं. जीपमधून उतरताना तिनं दार सोडलं नाही.

"माळेगावच्या जत्रंत पाळण्यातून उतरल्यावर कसं होतं?" ती म्हणाली. "तसं. पण तो पाळणा उतरल्यावर थांबतो. ह्यो थांबंना. अन् गंमत बघ, गाडी उभी ऱ्हायली की मला वाटतं चालू हाय. खरंच निघाली की कळंना, निघाली का म्हणून."

दुसऱ्या दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो. त्यांनी आधी डोक्यात काही भलतं नाही ना याची खात्री करून घेतली. मग आक्काला खोलीच्या मधोमध उभं केलं, तोंड दाराकडं. डोळे मिटून जागच्या जागी पावलं टाकायला सांगितली. मी आणि नर्सबाई दोन बाजूंना हात पुढं करून उभ्या. आक्का सैनिकासारखी पावलं टाकत होती आणि आमच्या डोळ्यांदेखत हळूहळू डावीकडं वळत होती.

"कुठं तोंड आहे तुमचं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"दाराकडं. आन् कुठं?"

"उघडा डोळे."

समोर भिंत होती, भिंतीवर कानाचं मोठं चित्र. आक्का त्या चित्राकडं आणि आमच्याकडं बघतच राहिली. "कुणी फिरवलं मला?"

"कुणी नाही. आपण कुठं वळलो, हे शरीराला दोन्ही कानांच्या आतून कळतं. तुमच्या डाव्या कानातली ते सांगणारी नस तापात आजारली, गप्प झाली. उजवीकडची एकटीच बोलतेय. मेंदूला वाटतं, माणूस उजवीकडं फिरतोय. डोळे उघडे असले की डोळे सांभाळून घेतात. मिटले, की संपलं."

"म्हणजे मी खोटं बोलत नव्हते."

"अजिबात नाही. तुम्हाला फिरल्यासारखं होतंय, हे खरंच आहे. फक्त तुम्ही फिरत नाही."

चक्कर आणि ओकारीची गोळी तीनचार दिवसांपुरतीच दिली. मुख्य औषध निराळं. अंगठा डोळ्यांसमोर धरायचा, नजर त्याच्यावर ठेवायची आणि मान हलवायची. चालायचं, आधी कुणाला धरून, मग एकटीनं. चक्कर येते म्हणून पडून राहिलं तर मेंदू शिकत नाही, बरं व्हायला उशीर लागतो, असं बाईंनी बजावून सांगितलं. आक्काला जणू प्रसाद मिळाला. "ऐकलंस ना पुनम? पडून ऱ्हायचं न्हाई!"

तेव्हापासून ती माझ्या घराच्या बोळीत भिंत धरून येरझाऱ्या घालू लागली. मान हलवली की चक्कर यायची, मग दोन्ही हातांनी भिंत धरायची. मी म्हणे, बसा जरा. ती म्हणे, "मी बसले तर तिकडं देवळात माझा पाट मांडून मला देवी करतेत."

ती खोटं बोलत नव्हती. सोमवारी किशनराव आले. आक्काचे धाकटे दीर. वाईट माणूस नाही, बोलण्यात अदब आहे, पण आपला फायदा त्यांना लांबून दिसतो. हातात नारळ आणि हिरवं लुगडं. वाकून पाया पडायला लागले, तशी आक्कानं पाय मागं घेतले आणि त्या झटक्यानं भिंतीला टेकली.

"बघा, बघा वैनी! वारं हाय अंगात. उद्या मंगळवार. देवळात पाट मांडून ठिवलाय. लोहा, मुखेडहून माणसं येणारेत."

"मी येते. पण पाटावर बसत न्हाई."

"आता तुम्ही शेतात पाय घालायचा नसतो. धुऱ्या-बांधावर पडलात बिडलात तर? सोयाबीन मी काढतो. रब्बीचंही मीच बघतो, बटईनं, निम्मं तुमचं निम्मं माझं. रामलिंगला शिकू द्या. तुम्ही निस्तं बसायचं, माणसं पाया पडतील."

"भाऊजी, देवी झाले तर शेत तुमचं. आजारी पडले तरी शेत तुमचंच. मह्यासाठी काय ठिवलंय?"

किशनराव माझ्याकडं बघू लागले. "तुम्ही तरी सांगा. तुम्ही देवाधर्माच्या. देवीला न्हाई म्हणत असतेत का?"

"देवीला कुणी नाही म्हटलं?" मी म्हणाले. "तुम्हाला नाही म्हटलंय."

चहा न घेता गेले. लुगडं मात्र आठवणीनं नेलं.

मंगळवारी आम्ही गावी गेलो. देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. पाट होता, त्याच्याभोवती रांगोळी, उदबत्त्या. आक्का काठी टेकत आली, पाटाला वळसा घालून बायकांच्या ओळीत उभी राहिली. मी तिच्या डाव्या हाताला, कारण पडली तर इकडंच पडणार. आरती सुरू झाली. ढोल, झांजा, धूर. तिच्या कपाळावर घाम आला. ती पुटपुटली, "फिरून राहिले गं." मी म्हटलं, "धरू?" तिनं मान हलवली नाही, नुसतं "न्हाई" म्हणाली.

गिरकीची वेळ आली. सगळ्यांनी डोळे मिटले आणि फिरल्या. म्हणजे फिरल्यासारखं केलं, निम्म्या जणी तिरक्या डोळ्यानं आक्काकडंच बघत होत्या. आक्कानं डोळे मिटले नाहीत. देवीच्या नथीवर नजर रोवली, काठी दोन्ही हातांनी धरली, ओठ घट्ट मिटले आणि उभी राहिली. एकदा डावीकडं झोकांडी गेली. माझा हात पुढं झाला, तिनं कोपरानं ढकलला. परत नीट उभी. गिरकी संपली, झांजा थांबल्या.

"आज आली न्हाई," तुळजाबाई हळहळली. "उपासात काही चुकलं का गं?"

"न चुकता केलाय मावशी. माझ्या कानाचं दुखणं हाय. डाव्या. डाक्टरनं दावलं." ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "त्या दिवशी मी पडले होते. कुणाला पडलेली दिसले न्हाई."

मागून एकजण म्हणाला, देवीचा अपमान झाला, कोप होईल. आक्का काठीवर सगळं अंग फिरवून वळली, नुसती मान वळवणं तिला अजून जमत नव्हतं. "देवीची लेक हाय मी. तिनं मला उभं ठिवलंय, तू दिसला का कुठं?" बायका हसल्या. मग तिनं किशनरावांना हाक मारली, "भाऊजी, मळणी यंत्र गुरुवारी सांगितलंय. तुम्ही या मदतीला. बटई-बिटई न्हाई."

मुखेडहून आलेली एक बाई तरीही तिच्या पायांकडं वाकली. आक्कानं तिला दंडाला धरून उठवलं आणि हात देवीकडं करून दाखवला.

अजून अंधारात तिला धीर होत नाही. रात्री उठली की भिंत धरते, आणि आकाशाकडं मान वर केली की जग हलतं असं म्हणते. धुऱ्यावरून चालते, पण काठी घेऊन आणि दिवसाउजेडी. रामलिंग मागं मागं फिरतो म्हणून त्याला रोज बोलणी बसतात. मी देवीपुढं तिच्या नावानं तुपाचा दिवा लावते. डॉक्टरांचं सांगणं आणि माझा दिवा, दोन्ही चालू आहेत, कुणाला खटकत असेल तर खटको.

आत्ता तिचा फोन होता. सोयाबीन घरात आलं. उद्या सकाळच्या एसटीनं ती एकटी कंधारला जाणार आहे, हरभऱ्याचं बियाणं आणायला.