पऱ्हाटीची वीज

कापसाचा शेवटचा वेचा झाला की शेतात उभी राहिलेली वाळकी पऱ्हाटी उपटणारीची, हे आमच्याकडे कुणी कुणाला सांगत नसे. बाईनं वावर मोकळं करून द्यायचं आणि त्या बदल्यात सरपण घरी न्यायचं. मारेगावकडच्या आमच्या गावात माय वर्षानुवर्षं एकाच शेतकऱ्याचं वावर उपटत होती. लोखंडी चिमट्यात बुंधा धरायचा, अंगाचा सगळा भार टाकायचा, मग मूळ सुटायचं. हाताला फोड यायचे. पण घरामागे ढीग रचून झाला की पावसाळाभर चुलीची चिंता नाही, अशा तोऱ्यात ती गल्लीतून फिरायची.

ती कापसाची वाईट वर्षं होती. भाव पडलेले, आणि शहरातून गाड्या भरून पाहुणे यायचे आणि गावाचे फोटो काढून जायचे. त्यातच गावाबाहेर पऱ्हाटी जाळून चालणारं वीजघर उभं राहिलं. उद्घाटनाला आम्हा शाळेतल्या पोरींना हिरव्या रिबिनी बांधून उन्हात उभं केलं होतं. एक साहेब देशाच्या हरित धोरणावर बोलले. कोळसा वाचेल, हवा शुद्ध राहील, शेतातल्या कचऱ्याचं सोनं होईल. मी टाळ्या वाजवल्या. कचरा म्हणजे आमच्या घरामागचा ढीग, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलंच नाही. आज आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. जन्मात कधी सरपणाचा भारा डोक्यावर घेतला नाही, त्यांनी खुशाल त्याला कचरा म्हणावं.

त्या उन्हाळ्यात मायनं नेहमीसारखं कुणाला न विचारता वावर उपटलं आणि धुऱ्यावर, शेताच्या बांधाला, ढीग लावला. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी भारे बांधायला गेलो, तर ढीग ट्रॅक्टरमध्ये चढत होता. शेतकरी बाजूला उभा होता.

"बाई, यंदा प्लांटले देल्ली," तो म्हणाला.

"मंग उपटाच्या आधी काहून नाही सांगतलं, भाऊ?"

त्यानं मान खाली घातली. "सांगतलं असतं तर तू आली असती काय?"

माय भांडली नाही. त्या वर्षी कापसानं त्याचेही हाल केले होते, ते तिला दिसत होतं. मला मात्र त्याचा राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. त्याहून जास्त राग त्या शहाण्यांचा, ज्यांनी जिल्ह्यातली पऱ्हाटी कागदावर मोजली, पण आजवर ती कुणाच्या चुलीत जात होती हे विचारायची तसदी घेतली नाही.

बाकीच्या वावरांतही तेच झालं. बाभळीच्या काट्या आणि गोवऱ्या मृगापर्यंत कशाबशा पुरल्या. मग झड लागली आणि घरात जाळायला काही उरलं नाही. मागच्या अंगणात वळचणीखाली आमची न्हाणी होती, तिला पऱ्हाटीचा कूड होता. एका दुपारी मायनं त्याचं लिंपण फोडलं आणि आतल्या काड्या उपसायला घेतल्या. त्या दिवशी एक बाजू गेली, आठवडाभरात बाकीच्या. भाकरी झाल्या. मी नुकतीच वयात आले होते. आता आंघोळ कुठं करायची, असं मी रडकुंडीला येऊन विचारलं.

"अंधारात," ती म्हणाली.

पण अंधार तरी कुठं होता? भारनियमनात सगळं गाव काळोखात असायचं, वीजघराच्या फाटकावरचा दिवा मात्र कधी विझत नसे, आणि त्याचा उजेड थेट आमच्या अंगणात पडायचा. पहाटे माय लुगडं ताणून उभी राहायची आणि मी घाईघाईनं अंगावर पाणी घ्यायची. मग लुगडं मी धरायची. माझी उंची कमी पडायची, तिचे खांदे त्या उजेडात उघडेच राहायचे.