मोटरकाका आणि गिऱ्ह्याचं यान

आमच्या सांडोर गावात पाण्याची मोटर बंद पडली की लोक माझ्या धाकट्या काकाला बोलावत, आणि चालू झाली की त्याला लवकर वाटेला लावत. कारण मोटरकाका जाताना विहिरीत भूत सोडून जाई. "वरून पाणी साफ दिसतंय. खाली गिऱ्हा बसलाय," असं म्हणत तो पाने-पकडी पुसायचा.

गिऱ्हा माणसाला पाण्यात ओढतो, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक. काकाचा गिऱ्हा मात्र दुसऱ्या ताऱ्यावरून आलेला. आमच्या केळीच्या वाडीतलं बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं तळं, हा त्याचा थांबा. यान खाली गाळात. "तो बुडवत नाय रे, घेऊन जातो. तिथे कोणाचं काय दुखत नाय." मी बँकेतला, चाळिशी ओलांडलेला माणूस, पण भर दुपारीही बावखलाकडे पाठ करून उभा राहत नसे.

काकीला हाडांचा कॅन्सर झाला. रोज संध्याकाळी रोझरीची प्रार्थना झाल्यावर काका तिच्या उशाशी बसून यानाची गोष्ट पुढे नेई. ऐकताना ती कण्हायचं विसरे. आम्हाला कौतुक वाटे.

एका दुपारी खाट रिकामी दिसली. काका आणि मी शोधत वाडीत धावलो. काकी बावखलाच्या शेवटच्या पायरीवर, नवी साडी नेसून, पाय पाण्यात सोडून बसली होती.

"उशीर का करतोय तो?" तिने विचारलं.

काकाचा चेहरा पांढरा पडला. तो तिच्या शेजारी बसला. "अगं, यान बंद पडलंय. बेअरिंग गेलंय. मलाच बोलावलंय."

"मग करा की."

"पार्ट मिळत नाय. सातिवलीतली सगळी दुकानं पालथी घातली."

"तुमचं कुठलं काम वेळेवर झालंय!" काकी हसली, आणि त्याचा हात धरून उठली.

मग रोज गोष्टीत काका यान उघडायचा आणि काम अर्धवट टाकून यायचा. काकी आणखी एक पावसाळा जगली. गेली ती आपल्या खाटेवर, हात त्याच्या हातात.

मागच्या महिन्यात काका त्याच पायरीवर दिसला. अंगात लग्नातला कोट, पाय पाण्यात. वारा नव्हता, तरी पाणी हलत होतं.

"दुरुस्त झालं रे," तो म्हणाला. "आवाज ऐक."

मला घरचा पंखाही दुरुस्त करता येत नाही. तरी चपला काढून शेजारी बसलो. पाणी नको इतकं गार होतं.

"काका, आवाज बरोबर नाही. बेअरिंग चुकीचं बसलंय. दुसरं मागवलंय, कामणच्या गोदामात अडकलंय."

तो माझ्याकडे वळला. "कधी येईल?"

"उद्या सांगतो."

तेव्हापासून रोज जाऊन सांगतोय.